नवा संचही हवा, सोलरही हवं: मग खान्देशाचा कार्बन वाढतोय की घटतोय?

तापीकाठ

मंडळी, भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळसा वीज केंद्रात ६६० मेगावॉटचा नवा संच आला. त्याच काळात गावोगाव शेतीच्या फीडरसाठी (शेतीला वीज पोहोचवणाऱ्या वाहिनीसाठी) सौर प्रकल्प उभे राहतायत आणि साक्रीकडच्या पवनचक्क्या तर कधीपासूनच फिरतायत. अकरावीच्या वर्गात एका मुलीने सरळ विचारलं, "सर, मग कार्बन वाढतोय की कमी होतोय?" पुस्तकाने हा विषय एका परिच्छेदात आटोपलाय. मला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून हा धागा.

जपानचे अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी यासाठी एक सोपा गुणाकार मांडला होता. लोकसंख्या गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले एक रुपयाचं उत्पन्न काढायला लागणारी ऊर्जा, गुणिले त्या ऊर्जेच्या एका युनिटमागे निघणारा कार्बन. पहिले दोन आकडे आपल्याकडे वाढणारच. दुसरा वाढावा म्हणून तर सगळी धडपड चाललीय. म्हणजे हात घालायला जागा आहे ती शेवटच्या दोनांत.

आता देशाचं चित्र बघा. इंधनांतून निघणारा भारताचा कार्बन डायऑक्साइड २००५ला १२० कोटी टनांच्या आसपास होता, आता तो ३०० कोटींच्या घरात आहे. पण २००५ ते २०१९ या काळात उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटलं, असं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २०३०साठी आपण दिलेलं ४५ टक्के घटीचं वचनसुद्धा याच रुपयामागच्या उत्सर्जनाबद्दल, म्हणजे तीव्रतेबद्दल आहे, एकूण टनांबद्दल नाही. निव्वळ उत्सर्जन (सोडलेलं वजा शोषलेलं) शून्यावर आणायचं वर्ष २०७०.

माझं म्हणणं इतकंच की वाढ आणि ऊर्जा यांची गाठ खान्देशात इतक्यात सुटणार नाही, आणि सोडवायचा हट्टही नको. ऊर्जा आणि कार्बन यांची गाठ मात्र सुटू शकते. खोडून काढा.

कळण्याची_भाकरी

सर, पोरीला असं सांगा: माणूस दर भाकरीमागे तूप कमी घेतोय, पण भाकऱ्या दुप्पट खातोय. डॉक्टर तूप किती हेच बघणार ना?

तापीकाठ

ताई, हे उद्या वर्गात वापरतो. श्रेय देईन.

रिटायर्ड_बॉयलर

नव्या संचाबद्दल दोन शब्द, आयुष्य बॉयलरसमोर गेलंय म्हणून. हा संच सुपरक्रिटिकल आहे. म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान इतकं वर नेतात की पाणी उकळून वाफ होण्याचा वेगळा टप्पाच राहत नाही. त्यामुळे तेवढ्याच कोळशात जास्त वीज मिळते. जुन्या २१० मेगावॉटच्या संचाला एका युनिटमागे साधारण एक किलो किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघायचा, इथे तो ९०० ग्रॅमच्या आसपास येतो. तापीकाठ सरांच्या भाषेत चौथा आकडा सुधारला.

पण संच वर्षभर ७० टक्के भारावर चालला तर ४०० कोटी युनिटं होतात आणि ३५ लाख टनांच्या वर कार्बन. जुना संच बंद करून त्याच्या जागी हा आला तर फायदा. मागणी वाढली म्हणून जुन्यांच्या जोडीला आला तर बेरीज. दीपनगरला ५००चे दोन संच आहेतच.

आणखी एक. आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के. म्हणजे रेल्वेने आणलेल्या प्रत्येक तीन वाघिणींतली एक राखच असते. ती वाहून आणायलाही वीज लागते. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

साक्रीवारा

आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३पासून चालू आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. साक्री तालुका आपल्या वाट्याचा कार्बन केव्हाच फेडून बसलाय. दीपनगरवाल्यांनी आमच्याकडून शिकावं 😄

रिटायर्ड_बॉयलर

साक्रीवारा भाऊ, अभिमान असू द्या, पण मेगावॉट आणि युनिट यांची गल्लत नको. सौर पॅनेलला रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आहे. वर्षाचा सरासरी हिशेब केला तर क्षमतेच्या १९-२० टक्के वीज हाती येते. तुमचे १२५ मेगावॉट म्हणजे वर्षाला २० कोटी युनिटं. आमचा एकटा नवा संच ४००. वीसपट. म्हणूनच देशाची स्थापित क्षमता २०२५ साली निम्मी बिगर-जीवाश्म (कोळसा-तेल-गॅस सोडून) झाली, तरी प्रत्यक्ष विजेतला कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपासच आहे. पेपरात पहिली बातमी ठळक येते.

साक्रीवारा

वारा पावसाळ्यात रात्रीसुद्धा असतो, तेवढं तरी लिहा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आमची बहुतेक वीज निघते. आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळे सोलर कमी पडतं. एकाला दुसऱ्याची जोड लागते.

रिटायर्ड_बॉयलर

हे शंभर टक्के मान्य.

जंक्शनचा_पोरगा

भुसावळचा, सध्या पुण्यात. मला एक कळत नाही, आपण इतके हताश का? इंग्लंडकडे बघा. १९९०पासून त्यांची अर्थव्यवस्था ८० टक्क्यांच्या आसपास वाढली आणि उत्सर्जन निम्म्यावर आलं. २०१२ला त्यांची ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ला रॅटक्लिफचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. बारा वर्षांत! वाढ आणि कार्बन वेगळे होतात याचा याहून मोठा पुरावा कोणता? अर्थतज्ज्ञ कुझनेट्सची उलटी वाटी शिकलो होतो कॉलेजात: देश श्रीमंत होतो तसं प्रदूषण आधी वाढतं, मग उतरतं. आपण चढावर आहोत, उतार येईलच.

हिशेबी_मांजर

पोरगा, तीन गोष्टी.

एक. कुझनेट्स यांनी १९५५ला मांडलं ते उत्पन्नाच्या विषमतेबद्दल. पर्यावरणाला ती वाटी ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी नव्वदीच्या सुरुवातीला जोडली, आणि त्यांचे आकडे गंधकाचा वायू, धूर असल्या स्थानिक प्रदूषणाचे होते. गंधकाच्या धुराने आपल्याच गावात खोकला येतो म्हणून लोक आरडाओरड करतात आणि सरकार हलतं. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, डोळ्यात जात नाही, भुसावळचा सुटला तर त्रास सगळ्या जगाला वाटून. त्यामुळे श्रीमंती आली की उतार आपोआप येतो, हे कार्बनच्या बाबतीत धरून चालता येत नाही. जे देश उतरले ते धोरणाने उतरले.

दोन. इंग्लंडकडे उत्तर समुद्राचा गॅस होता, समुद्रातला वारा होता, कार्बनवर कर होता. आणि लोखंड, भांडी, कपडे बनवण्याचं काम त्यांनी बाहेर पाठवलं. वापराच्या बाजूने हिशेब केला तरी त्यांचं उत्सर्जन घटलंय हे खरं, पण बरंच कमी. आज जगाच्या कार्बनपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चीनचा, आणि त्यातला काही धूर कुणाच्या तरी दुकानातल्या मालाचा आहे.

तीन. आपण चढावर आहोत म्हणजे नक्की कुठे? माणशी वर्षाला जगाची सरासरी साडेचार-पावणेपाच टन, अमेरिका १४, चीन ८च्या पुढे, भारत २. आजवर जमा झालेल्या कार्बनमध्ये अमेरिकेचा वाटा पाव, भारताचा तीन-चार टक्के.

शिवाय सरांना एक टीप. ३३ टक्के घट सगळे हरितगृह वायू धरून आहे. त्यात भातशेतीचा आणि गुरांचा मिथेन येतो, जो इतक्या वर्षांत फारसा वाढलेला नाही. उत्पन्न वाढलं, हा भाग तिथेच राहिला, भागाकार छान दिसतो. नुसता कोळसा-तेल-गॅसचा कार्बन घेतला तर घट पुष्कळ कमी भरते.

तापीकाठ

हे मोलाचं. हे दोन हिशेब बहुतेक लेखांत एकमेकांत मिसळलेले असतात.

केळीवाला_रावेर

हाई काय चालू शे भो, अमेरिका नि इंग्लंड! खान्देशाचा हिशेब म्हणताय तर शेतात या. आमच्याकडे ऊर्जा म्हणजे मोटर. केळीला बारा महिने पाणी. ५ एचपीची मोटर, ८ तास लाईट. सांगा माझा कार्बन किती.

हिशेबी_मांजर

दादा, घ्या. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. ८ तासांचे ३० युनिट. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबाने आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड धरतात. दिवसाला २१ किलो. वर्षात २०० दिवस मोटर चालली तर सव्वाचार टन.

आता गंमत बघा. डिझेल इंजिनाला तेवढ्याच ताकदीला तासाला साधारण एक लिटर लागतं, आणि एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलो कार्बन निघतो. विजेच्या मोटरचा तासाचा आकडा २.६, वर मोटरची आणि तारांची गळती. म्हणजे कोळशाच्या ग्रिडवर डिझेल आणि वीज उन्नीस-बीस! खिशाला फरक पडतो, आभाळाला फारसा नाही. फक्त एवढंच की डिझेल इंजिन वीस वर्षांनीही तेवढंच ओकेल, आणि मोटर मात्र ग्रिड साफ होईल तशी हात न लावता साफ होत जाईल.

केळीवाला_रावेर

सव्वाचार टन? म्हणजे दोन माणसांच्या वर मी एकटा?

कळण्याची_भाकरी

दादा, घाबरू नका. ती केळी तुम्ही एकटे खात नाही. दिल्लीत खाणाऱ्याच्या नावावर टाका.

तापीकाठ

ताई गमतीत बोलल्या, पण मुद्दा हाच आहे. दीपनगरचा धूर जळगाव जिल्ह्याच्या वहीत लिहिला जातो, वीज जाते राज्याच्या ग्रिडमध्ये. केळीचा कार्बन रावेरच्या वहीत, केळी उत्तरेत आणि आखातात. जिल्हानिहाय कार्बन आराखडे होतील तेव्हा हा वाद नक्की येणार. उत्पादनावर मोजायचं की वापरावर?

हिशेबी_मांजर

खताचाही हिशेब करून टाकतो, कारण केळीवाले पंपापेक्षा त्याबाबत गप्प असतात. युरियाची ४५ किलोची गोणी, त्यात नत्र पावणेएकवीस किलो. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय गटाचा ढोबळ नियम असा की टाकलेल्या नत्रातला एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गुणाकार केला की एका गोणीमागे ९० किलोच्या जवळ. म्हणजे ३३ लिटर डिझेल. युरिया कारखान्यात बनवताना जळालेला गॅस यात धरलेलाच नाही.

केळीवाला_रावेर

आम्ही ठिबकमधून खत देतो, मोजून. सरसकट आरोप नको. आणि ठिबकचा उल्लेख कोणीच केला नाही. जळगावने ठिबक देशाला शिकवलं. पाणी वाचलं की वीज वाचली, वीज वाचली की कार्बन.

हिशेबी_मांजर

वाचलेल्या पाण्याचं काय केलंत दादा?

केळीवाला_रावेर

...आणखी दोन एकर केळी.

हिशेबी_मांजर

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, तर कोळसा वाचायच्या ऐवजी इंजिनंच इतकी वाढली की खप चढला. तुम्ही चूक काही केलं नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर तीन एकर लावली असती. पण कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटला असं समीकरण मांडू नये. तिसरा आकडा सुधारतो आणि दुसऱ्याला ढकलतो.

केळीवाला_रावेर

दुसरं असं की बोअर खाली खाली चाललंय. आमच्या वडिलांच्या वेळी विहिरीवर भागायचं. आता रावेर-यावलमध्ये शेकडो फूट जावं लागतं. तेवढंच पाणी, मोटर मात्र मोठी.

रिटायर्ड_बॉयलर

बरोबर. हजार लिटर पाणी १०० मीटर वर उचलायला कागदावर पाव युनिटच्या थोडी वर वीज लागते. शेतातल्या पंपाची कार्यक्षमता धरली तर अर्धा युनिट. खोली दुप्पट, वीज दुप्पट. म्हणजे आपल्याकडे पाण्याची पातळी घसरणं हाच कार्बनचा एक मोठा झरा आहे, आणि याची गणती वाढीत कुठेच होत नाही. केळीचं उत्पन्न तेवढंच, युनिटं जास्त. तापीचं पुराचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्जकडे मी वीज बचतीची योजना म्हणून बघतो.

धडगावकर

सगळं वाचतोय. सातपुड्यात आमच्या पाड्यांवर दरडोई कार्बन शोधायला आलात तर चूल आणि दोन दिवे सापडतील. मानवी विकासाच्या यादीत नंदुरबार राज्यात तळाशी आहे. दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. सरदार सरोवराचं पाणी आमच्या गावांवरून गेलं, वीज कुठे गेली ते तुम्हीच बघा. कार्बन कमी करण्याच्या चर्चेत आमच्या बाजूने एकच म्हणणं: आम्हाला आधी वाढवू द्या.

तापीकाठ

तुमच्या मुद्द्याला आकड्यांचाही आधार आहे. अगदी कमी वापरापासून पहिली काहीशे युनिटं वाढतात तेव्हा आयुष्यात मोठा फरक पडतो: दिवा, पंखा, लस थंड ठेवणारा फ्रीज, दळणाची गिरणी. नंतर तेवढीच युनिटं वाढली तरी आयुष्य फारसं बदलत नाही. धडगावच्या पाड्यावरचं एक युनिट आणि जळगावच्या दुसऱ्या एसीचं एक युनिट, कार्बन सारखाच, मोल वेगळं. सरासरी २ टनांच्या आकड्यात हे दोघं एकाच ओळीत बसतात.

कळण्याची_भाकरी

दुसऱ्या एसीवर बोलायला मे महिन्यात जळगावात या सर. ४५ अंशांत, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. कूलर दमट हवा फेकतो. लहान बाळ आणि म्हातारी सासू घरात असली की तत्त्वज्ञान संपतं.

तापीकाठ

ताई, चैन म्हणून नाही म्हटलं. पण हे चक्रच आहे. तापमान चढतं, एसी चढतात, ३० मे २०२४ला देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली. दुपारची मागणी सोलर झेलतं. रात्री साडेआठला एसी चालू आणि सूर्य नाही, तेव्हा भार येतो कोळशावर.

शिंदखेडेकर

सोलरचं गोडवं गाताय म्हणून सांगतो. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. आमच्या तालुक्यात विखरणची जमीन आधी औष्णिक प्रकल्पाच्या नावाने घेतली, मग तिथे सोलर प्रकल्प ठरला. मोबदल्यासाठी हेलपाटे मारून धर्मा पाटील यांनी २०१८च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतलं आणि त्यात ते गेले. कार्बनचा चौथा आकडा साफ होतो तेव्हा त्याची किंमत कोणाच्या सातबाऱ्यावर पडते, हेही तुमच्या गुणाकारात कुठेतरी टाका.

तापीकाठ

यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

जंक्शनचा_पोरगा

मग करायचं काय? वाढ थांबवायची? २०२०च्या टाळेबंदीत सगळं बंद केलं, तरी जगाचा कार्बन पाच टक्क्यांच्या आसपासच घटला आणि पुढच्या वर्षी परत आला. हा मार्ग नाही हे तर उघड आहे.

रिटायर्ड_बॉयलर

माझं ऐका. खान्देशासाठी सगळ्यात स्वस्त उपाय घड्याळात आहे. शेतीची लाईट आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. रात्रीचं प्रत्येक युनिट प्रामुख्याने कोळशाचं. तीच मोटर, तेवढेच तास, तेवढीच केळी, पण सकाळी ९ ते ५ चालवली तर बऱ्याच युनिटांची जागा सोलर घेतं. उत्पन्न तेवढंच राहून कार्बन उतरतो. एसीला रात्री पर्याय नाही, लोकलला नाही, दवाखान्याला नाही. पाण्याला आहे. पाणी दुपारी उपसून शेततळ्यात ठेवता येतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा मूळ हेतू हाच: उपकेंद्राजवळ सोलर, आणि त्याच फीडरला दिवसा पुरवठा. वीज लांबून आणायची नसल्याने तारांची गळतीही वाचते.

केळीवाला_रावेर

कार्बनचं माहीत नाही, पण दिवसा लाईट मिळाली तर साप आणि बिबट्यापासून जीव वाचेल. रात्री दोनला बांधावर एकदा जाऊन बघा. एवढ्या एका कारणासाठी मी सोलरवाला.

हिशेबी_मांजर

फक्त एक काळजी. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, आणि सौर पंप असेल तर युनिटला पैसाच नाही. पाणी उपसायची किंमत शून्य झाली की बोअर आणखी खाली. बॉयलर काकांनी वर सांगितलेली खोली परत येणार. दिवसा वीज द्या, पण पाण्याचं माप कोणीतरी ठेवायला हवं. कोण ठेवणार, यावर कोणत्याही पक्षाचा माणूस बोलत नाही.

केळीवाला_रावेर

मीटर बसवायला आला तर गाव गोळा होईल, आताच सांगतो.

हिशेबी_मांजर

माहीत आहे 😄 वाचलेल्या युनिटाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाकले तर?

केळीवाला_रावेर

ते चालेल. आधी खात्यात येऊ द्या, मग मीटर.

साक्रीवारा

आमच्या बाजूच्या फीडरवर दिवसाची लाईट सुरू झालीय. ऊन चढलं की दाब चांगला असतो. अडचण वेगळीच आहे. सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेत. सकाळी लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) उडतो.

रिटायर्ड_बॉयलर

ऑटो काढा आणि प्रत्येक मोटरला कॅपॅसिटर बसवा. महावितरण कधीपासून सांगतंय. कॅपॅसिटरने तारेतला प्रवाह कमी होतो, त्यामुळे डीपी कमी तापतो आणि गळती घटते. खर्च काहीशे रुपयांचा.

साक्रीवारा

बसवले होते काका. लोकांनी काढून फेकले. म्हणतात मोटर जळते.

रिटायर्ड_बॉयलर

चुकीच्या मापाचा बसवला तर त्रास होणारच. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) पुरतो. आणि जोडायचा स्टार्टरनंतर, मोटरच्या बाजूला, म्हणजे मोटरबरोबरच चालू-बंद होतो. तुमच्याकडे वायरमनने कुठे जोडले होते ते बघून सांगा.